रंधा ०.३

माऊसची वायर उंदरानं कुरतडली
ती तान्ह्या पोळ्याची रात्र.
बाबा ओसरीत शेवटच्या लाकडी बैलाला चाकं ठोकत होते
आणि मी एका जीबीच्या मशीनपुढं बसलेलो,
बाण पडद्याच्या मधोमध मरून पडलेला.
आर्वीला जाऊन नवा आणायचा तर दोनशे रुपये.
नाही आणला.

सुरुवात खरं तर एवढीच.
मागून कुणी विचारलं तेव्हा मोठमोठी कारणं दिली,
स्वातंत्र्य, वेग, खासगीपण.
होता उंदीर.

बाकीचे ब्राउझर या मशीनवर उघडायचे
म्हणजे लग्नघरी पाहुणे उतरावेत तसे,
आधी वळकट्या, मग पेट्या, मग रुसलेले मामा,
आणि सातबारा दिसायच्या आत लाइन जायची.
मला पान हवं होतं. नुसतं पान.
इंजिन दुसऱ्यांनी घडवून उघड्यावर ठेवलेलं,
मी त्याला फक्त चौकट बसवली.
बटणं नाहीत, पट्ट्या नाहीत,
जे दाबलं की खाली, के दाबलं की वर,
एफ दाबलं की प्रत्येक दुव्याच्या कपाळावर
दोन अक्षरांची टिकली,
ती अक्षरं मारा, आत जा.

बाबांना दाखवलं.
"यात तं काईच नाई बापा," म्हणाले.
मग चष्मा शर्टाला पुसून परत पाहिलं.
"मंग बराबर हाय.
रंध्यानं लाकूड हलकं झालं पायजे, लहान नाई."
नाव तिथंच ठरलं.

सहा हजार ओळींच्या चार हजार केल्या.
पुसलेल्या ओळी सकाळी आठवायच्या
ओसरीतल्या ढलप्या पाहून.
ढलप्यांवर निदान चहा उकळतो.

मग सगळा कोड चव्हाट्यावर मांडला, परवाना जोडून:
घ्या, बदला, वाटा,
मोडलं तर मी जबाबदार नाही.
बाबा म्हणाले, "तिफण मोडली तं लोक माह्याच दारात आणतेत.
तू असं कसं लिवून देतं?"
याचं उत्तर मी अजून शोधतोय.

तीन महिने कुणी फिरकलं नाही.
नंतर एक दुरुस्ती आली, एकाच ओळीची,
मी धरून ठेवलेली मेमरी तिनं मोकळी केली होती.
पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे चार आकडे,
खाली लिहिलेलं, माझंही मशीन म्हातारं आहे.
मी ते बाबांना दोनदा वाचून दाखवलं.

काळबांडे बाई आल्या त्या उन्हाळ्यात, दुपारच्या एसटीनं.
आर्वीला टायपिंगचा क्लास चालवतात,
तीस वर्षं पोरापोरींच्या मनगटांवर लक्ष.
खुर्ची ओढली, बोटं मधल्या ओळीवर टेकवली
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत
रंधा असा चालवला की मलाच तो नवा वाटला.
मग त्यांनी कीबोर्ड मराठीत वळवला,
'तुरीचे भाव' असं शोधलं,
पान आलं,
आणि रंधा ठार बहिरा.
जे दाबलं तर र. के दाबलं तर क.
खाली नाही, वर नाही, टिकली नाही.

"तुयाच घरात बनला न हा?
मंग मराठी लावली का बहिरा कायले होते?"

दोन वर्षांत मी त्याच्यात
मराठीतला एक शब्दही शोधला नव्हता.
हे बाईंना सांगितलं नाही.
त्यांना ते कळलंच होतं, पाणी पिताना
त्या माझ्याकडं नाही, कॅलेंडरकडंच बघत राहिल्या.

रात्री बसलो.
प डावीकडं. र खाली. क वर. त उजवीकडं.
अक्षर कोणतं उमटलं ते विचारायचंच नाही,
बोट कुठं पडलं तेवढं विचारायचं.
अकरा ओळी.
पहाटे आवृत्ती काढली, नोंद मराठीत लिहिली,
'काळबांडे बाईंनी पकडलं.'

दुपारपर्यंत चार आकड्यांचा प्रश्न,
ही कोणती लिपी? पाहायला छान आहे.

उंदीर अजून घरातच आहे.
काल कीबोर्डच्या वायरीला
त्यानं तोंड लावलेलं दिसलं.