पूर्वज्ञात

अपिलाचा क्रमांक मी झोपेतही सांगेन,
पण त्या कडीचं वजन विचाराल तर अडखळते.
अंगठ्याएवढी. आत सोळा वाकड्या पाकळ्या.
तोफ डागली की गोळ्याला जो पहिला हिसका बसतो
तो फ्यूजपर्यंत पोचायच्या आत
हिनं अंगावर घ्यायचा आणि मोडायचं.
एकदाच.
गोळा पुढं कुठं पडतो, ते दाव्याच्या कक्षेबाहेर.

गोवर्धन निमजे, निवृत्त टर्नर, अंबाझरी,
माझा मसुदा उलटसुलट करून म्हणाले,
"मॅडम, एवढ्या कागदात माही कडी कुठी हाय?"

अर्ज फेटाळला गेला होता
एका जर्मन पेटंटवर बोट ठेवून, सन एकाहत्तर, आकृती तीन.
तिथंही कडी, तिथंही पाकळ्या,
फक्त सरळ.
आमच्या तिरक्या, तेवीस अंशांनी.
त्या तेवीस अंशांवर मी चौदा पानं लिहिली.

कायद्यात एक माणूस राहतो,
"त्या कलेत निष्णात अशी सामान्य व्यक्ती".
त्यानं जगातलं प्रत्येक पेटंट वाचलेलं असतं,
जपानीसुद्धा,
आणि त्याला स्वतःला कधीच काही सुचत नाही.
ना पेन्शन, ना मशीनवर गेलेलं बोट.
त्याला हे सहज सुचलं असतं का, एवढाच वाद.
निमजेंच्या डाव्या हाताला साडेचार बोटं आहेत
आणि जर्मन येत नाही.

मग सुचलं कसं?
धंतोलीतल्या ऑफिसात मी विचारलं होतं.
"कळमन्यात. भावाच्या पेट्या भरत होतो.
संत्र्याखाली तणस टाकतेत नं, सरळ नाही, आडवंतिडवं.
तणस सोता चेपते, संत्र्याले चेपू देत नाही."
मी पेन खाली ठेवलं.
हे कोर्टात बोलायचं नाही.
"काहून?"
कारण ते सगळ्यांना माहीत आहे.
"सगळ्याइले माहीत हाय,
म्हणून तं मले समजलं."

सिव्हिल लाइन्स, दुपारचे तीन.
समोरचे वकील आकृती तीनवर बोलत राहिले,
मी तेवीस अंशांवर.
निमजे मागच्या बाकावर, कडक इस्त्रीचा शर्ट,
तोंड बंद, मी सांगितलं होतं तसं.

न्यायमूर्ती म्हणाल्या, नमुना बघू.
मिठाईचा डबा पुढं आला.
झाकण निघालं आणि माझ्या पोटात गोळा:
वर तणस, खाली तणस,
मधे कडी.

त्यांनी दोन बोटांनी काड्या बाजूला सारल्या,
कडी खिडकीकडे धरली,
एक डोळा मिटून पलीकडचं काही पाहिलं.
निकाल राखून.

शिपायानं टेबल आवरलं.
पूर्वज्ञात कला त्याच्या एका मुठीत मावली.
दोन काड्या सांडल्या फरशीवर,
निमजेंनी वाकून त्या उचलल्या,
फुंकर मारली,
परत डब्यात ठेवल्या.