दोन विती

जूनमध्ये विद्यापीठाच्या गाडीतून तिघं उतरली:
मारिसेल, टोबायस, आणि एक उंच मुलगी, ओडालिस,
जिला मी पहिले चार दिवस चुकीच्या नावानं हाक मारली
आणि तिनं ओ दिली.
बूट कोरे. टोप्या कोऱ्या.
मी म्हटलं, आर्ने, आता ही पोरं आपल्याला गवत शिकवणार.
आर्ने काही बोलला नाही.
त्याला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती,
पण असलं काही दिसलं की मी त्याला सांगतेच.

त्यांनी पश्चिमेच्या कुरणात फीत अंथरली
आणि दर मीटरला जमिनीला विचारत गेली:
इथे काय? इथे काय?
व्हीटग्रास. माती. शेण. व्हीटग्रास. चीटग्रास. माती.
टोबायस लिहून घेत होता, दारोदार फिरणाऱ्या शिरगणतीवाल्यासारखा.
कालवडी भोवती गोळा झाल्या.
एकीनं फीत चघळून पाहिली.
मी पिकअपमधून बघत होते.
पन्नास वर्षं या गवतानं मला पोसलं,
दुष्काळात नाही, बँकेपुढे नाही,
मी कधी गुडघे टेकले नव्हते.
ही मुलं सकाळी सातपासून गुडघ्यांवर.

कुंपण माझ्या वडिलांचं, एकसष्ट सालचं.
पाच पदरी, पाचही काटेरी,
खालची तार अशी की सशानंसुद्धा अंग चोरावं.
ते म्हणत, कुंपण म्हणजे दिलेला शब्द,
सैल पडला की गेला.

ओडालिसनं त्या खालच्या तारेवरून काहीतरी वेचलं,
ओंजळीत धरून माझ्यापर्यंत आणलं.
केस. राठ, पोकळ, मुळाशी पांढरे.
प्रॉन्गहॉर्न उडी मारत नाहीत, ती म्हणाली.
मारता येते बहुतेक, पण मारत नाहीत.
खालून सरपटतात, पाठ सोलवटून घेतात.
बर्फ साचला की तेही जमत नाही,
मग कुंपणाच्या कडेनं चालत राहतात, फट शोधत.

मला हे ठाऊक होतं का?
होतं.
एकोणऐंशीचा हिवाळा, उत्तरेचा कोपरा.
चौदा. मी मोजली होती.
वडिलांनी ट्रॅक्टरनं ओढून नाल्यात टाकली
आणि हात धुऊन जेवायला बसले.
वाढलं मीच.
हे मी तिला सांगितलं नाही.
विचारलं, किती उंच हवी?
तिनं जमिनीपासून हात लावून दाखवला,
एक वीत, त्यावर दुसरी.
मी म्हटलं, तुझा हात लहान आहे, माझ्या हातानं धर.

चार मैल. जुलै आणि अर्धा ऑगस्ट.
जुनी तार तुटते तेव्हा आधी किंचाळते,
मग साप होऊन पायांत येते.
मारिसेलचा तळवा फाटला. साठ मैलांवर दवाखाना.
वाटेत तिनं विचारलं, जमिनीच्या कागदांवर सही करणार ना?
जमीन कधीच तुकडे करून विकायची नाही, असे ते कागद.
मी म्हटलं, हात वर धर, रक्त थांबेल.

रात्री स्पोकेनहून मुलाचा फोन.
आई, तू आमचा वाटा गोठवून टाकतेयस.
मी म्हटलं, इकडे वारा फार आहे रे, ऐकू येत नाही.
वारा नव्हता.

सप्टेंबरात मुलं गेली.
एक कोरी राहिलेली टोपी खुंटीवर विसरून गेली.
कागद ड्रॉवरमध्ये आहेत, बियाण्यांच्या कॅटलॉगखाली,
पेनसुद्धा तिथंच आहे.

आज पहाटे अकरा प्रॉन्गहॉर्न उत्तरेकडून आले,
कुंपणापाशी थबकले,
आणि सवयीनं कडेकडेनं चालू लागले.
गुळगुळीत तार, दोन विती वर, माझ्या हाताच्या,
पण त्यांना कोण सांगणार?

मग यंदाचं एक पाडस मागे राहिलं,
मान खाली घातली,
आणि पलीकडे उभं.
पाठ शाबूत.
बाकीचे दहा अजून चालतच होते.

कॉफी हातात गार होईस्तोवर मी बघत राहिले.
म्हटलं, आर्ने, एक गेलं.