गट सहावा

धुळ्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात
पंखा फिरतो, हवा फिरत नाही.
बापू खुर्चीला टेकत नाहीत,
सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या क्लार्कसमोर
टाचा जुळवून उभे.
डिस्चार्ज बुक प्लास्टिकच्या पिशवीत,
ती पिशवी कापडाच्या पिशवीत.

‘पोरीचं नाव?’
निशिगंधा रोहिदास भदाणे. बी. फार्म, शिरपूर, पहिलं वर्ष.
‘इथं तर बेबी लिहिलंय.’

बेबी.
मी पारोळ्यात जन्मले तेव्हा बापू गुरेझला,
वायरलेसवर इतरांचे निरोप
अक्षर न् अक्षर फोडून सांगत.
मामानं एसटीडीवरून ओरडून कळवलं,
पोर व्हयनी, दोन्ही बेस शेतस.
नावाला अजून बारा दिवस होते.
युनिटच्या बाबूला तेवढी सवड नव्हती.

मग नोटरी. स्टॅम्पपेपर.
बेबी व निशिगंधा ही एकच व्यक्ती आहे.
दोन्ही नावांनी सही करा, म्हणाला.
‘बेबी’ मी कधीच लिहिलं नव्हतं,
वेलांटी बालवाडीतल्यासारखी आली.

फॉर्मवर गट विचारला होता.
पहिला, कर्तव्यावर मृत्यू.
त्याखाली जखमा, मग पदकं,
आणि पार तळाशी सहावा: नुसतेच निवृत्त.
जागा मोजक्या, गुण माझे एक्याऐंशी टक्के,
वरचे पाच गट जेवून उठल्यावर
पातेल्यात काय उरेल, याचा हिशोब
मी एसटीतच करून आले होते.

रांगेत पुढे साक्रीचा एक मुलगा.
त्याच्या फाइलीत लॅमिनेट केलेला फोटो,
फोटोतली टोपी जराशी तिरकी.
पेन आहे का, म्हणाला. दिलं.
त्यानं एकवर खूण केली
आणि परत देताना टोपण नीट बसवलं.

माझा हिशोब मग पुढे होईना.

बापूंनी चष्मा शोधत विचारलं, इथं काय लिहू?
सहा, म्हटलं.
मोठा लिहा.

बाहेर रसवंतीवर बापूंनी दोन ग्लास सांगितले.
पोचपावती चारदा वाचली, शिक्का उजेडात धरून पाहिला.
‘यादीत नाही आलं नाव,
तर जिनिंगवर रात्रपाळ्या वाढवून घेईन.’
मी काही बोलले नाही.
चरकाचे घुंगरू वाजत होते.
मग त्या पोराला हाक मारून म्हणाले,
बेबीना गिलासमा आलं कमी टाकजो.