खडबडीतपणाचा गुणांक

अकरा वर्षं मी ही नदी चालवते आहे
खुर्चीत बसून.
पेढीचं पाणलोट, तीस-तीस मीटरचे चौकोन,
प्रत्येकात थोडी माती, थोडा उतार, थोडा अंदाज.
रात्री रन लावायचा, सकाळी चहा घेऊन पाहायचं
माझा पूर आणि खरा पूर
एकमेकांना ओळख देतात का.

बहुतेकदा देतात.
फक्त ब्याण्णव ते शहाण्णव
खरं पाणी माझ्यापेक्षा हातभर उंच,
तेवढ्याच पावसात.
मी काळी माती घट्ट केली, पाझर कमी केला,
पर्जन्यमापकावर संशय घेतला,
एका पेपरात तर ती पाच वर्षं
'अविश्वसनीय नोंदी' म्हणून गाळूनच टाकली.
कोणी विचारलं नाही. पेपर छापून आला.

मग एकदा भातकुलीच्या पुढे, पुलाखाली,
मापपट्टीचा फोटो घ्यायला उतरले.
रंग उडालेला, तीनचा आकडा गंजून गेलेला.
तिथं कळलं, नोंदी घेणारे देवमन खंडारे
अजून आहेत, पलीकडच्या टेकाडावर राहतात.

लॅपटॉप उघडून दाखवला. त्यांनी रेषांकडे नाही,
खालच्या सालांकडे पाहिलं.
"तवा बेशरम माजली होती ना पुलाखाली.
मानसाले वाट नव्हती, पाण्याले कुठून भेटन?
सत्त्याण्णवच्या पुरानं मुळासकट नेली."

बेशरमीची फुलं मी लहानपणापासून पाहते आहे,
फिकट जांभळी. ढोरंही तोंड लावत नाहीत.
समीकरणात तिच्यासाठी अक्षर आहे, लहान एन.
ते मी अकरा वर्षं शून्य पूर्णांक शून्य तीन पाचवर ठेवलं होतं,
कुठल्याशा तक्त्यातून उचलून,
जिथं नदीत फक्त नदी असते.

"आणि बुधवारचे आकडे," मी विचारलं,
"नेहमी मंगळवारसारखेच कसे?"
ते वहीवर हात ठेवून हसले.
"बुधवारी बजार राहे, मॅडम."

परत येऊन त्या पाच वर्षांपुरतं एन वाढवलं.
रेषा हातभर वर आली,
खऱ्या पाण्याला टेकली.
गाळलेल्या सालांबद्दल संपादकांना पत्र लिहायचं आहे;
पहिल्या ओळीवरच अडले आहे.

बुधवार मात्र दुरुस्त केले नाहीत.
कोडमध्ये त्यांच्या वर एक टीप आहे,
संगणक ती वाचत नाही:
मोजणारा माणूस बाजारात गेला आहे.
नदी वाहत असावी.