लहान बादली

ऑक्टोबरात खाडीवर पहिली साय धरली की
इर्मेली मला वर बोलावते.
"आर्मास, तळघराची किल्ली आण."
किल्ली माझ्याकडेच असते. मी या इमारतीचा राखणदार:
बर्फ उपसणं, बॉयलर, आणि वर्षातून दोनदा ही केळ.

बुटक्या जातीची, कमरेएवढी,
तरी लिफ्टमध्ये पानं मावत नाहीत.
ती त्यांना चादरीत गुंडाळते,
आजाऱ्याला दवाखान्यात नेतात तशी,
आणि तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत
आम्ही तिघं श्वास रोखून उभे.

कागदाच्या गिरणीत तिची बत्तीस वर्षं गेली.
निरोपाला मिळालेलं घड्याळ तिनं विकलं
आणि ही घेतली, करंगळीएवढी.
"वेळ तर हीसुद्धा सांगते," म्हणते.

हिवाळाभर ती बॉयलरमागे.
पाणी महिन्याला एक कप. उजेड नाही.
पानं एकेक करून लोंबतात, सोपट होतात.
एप्रिलमध्ये सुरी घेऊन इर्मेली उतरते,
खोड वरून कापते: मऊ, तपकिरी, कुजकट,
अजून खाली,
अजून,
पांढरं लागेपर्यंत.
मग आम्ही न बोलता कॉफी पितो.
संध्याकाळी मी दिवा मालवायला जातो
तर कापल्या जागी, मधोमध,
नखभर हिरवं वर आलेलं.

सात वर्षं हेच. सात वर्षं तीच बादली,
खारवलेल्या माशांची, पिवळी, मुळांनी फुगलेली.
मी म्हणायचो, मोठी कुंडी दे, फूल धरेल.
ती ऐकून न ऐकल्यासारखी पानं पुसत राहायची.

आठव्या वर्षी मी बादली फोडली.
हातोडीनं.
वर जाऊन सांगितलं, हातातून निसटली.
सिमेंट कालवायचं माझं घमेलं दिलं,
तळाला माशांची आतडी, वर माती.
तिनं घमेल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

त्या उन्हाळ्यात, रात्री अकराच्या उन्हात,
दर आठवड्याला एक पान.
पुढच्या उन्हाळ्यात केळफूल,
बाल्कनीच्या कठड्यावरून वाकलेलं, जांभळं.
रस्त्यावर सायकली थांबायच्या.
मी खालून ओरडलो, इर्मेली, बघ!
ती वर उभी, हातात ओलं फडकं.
"बघितलंय. केळ एकदाच विते, आर्मास.
मग तिला कापावं लागतं."

तो हिवाळा केळ तळघरात आली नाही.
जेवणाचं टेबल बाहेर काढून तिला जागा झाली;
इर्मेली ओट्याशी उभ्यानं जेवायची.
जानेवारीच्या अंधारात दोन फण्या पिकल्या, अंगठ्याएवढी फळं.
जिन्यातल्या प्रत्येक दाराला एक.
मला दोन.
साल जाड, गर जरासा आंबट.
बॉयलरजवळ बसून खाल्ली,
आणि माफी मागायची राहून गेली.

मार्चमध्ये दारावर थाप.
रंगाच्या रिकाम्या डब्यात एक मुनवा,
मुळांना तीच माती.
"हा तुझा," ती म्हणाली.
"कुंडी किती मोठी द्यायची ते तू ठरव.
हातोडी मात्र
माझ्याकडे देऊन ठेव."