शिल्लक

बल्कांवच्या भिंतीवर मीटर.
आकडा मला लागत नाही, पेर्पेत वाचते:
‘एकवीस रुपये गो, साठ पैसे.’
म्हणजे फ्रीज पाच दिवस
नाहीतर पंखा दहा राती.
आज तारीख वीस.

फ्रीज बंद केला. आत होती तरी काय,
अर्धी नारळाची कवड, कालची कढी.
वाटण रगड्यावर.
कोपर ठणकतं, पण त्याला रिचार्ज लागत नाही.

उदेश बोटीवर, लाँड्रीत.
अख्खी रात्र दिवे जळतात तिथे, म्हणतो,
कोणी मोजत नाही.
त्याच्या फोनात कुडचड्याचं घर दिसतं,
घर म्हणजे तेवढाच आकडा.
परवा मध्यरात्री रिंग:
‘आई, दोन दिवस एकवीस साठच आहेत.
तू आहेस ना?’

आहे म्हटलं.
काळोखातच बसले होते,
सिलिंडरचे पैसे पुन्हा मोजत, बोटांनी चाचपून.

तेव्हापासून सातला बल्कांवातला दिवा लावते,
देवाचा झाल्यावर, पाऊण तास.
आकडा दहा पैशांनी उतरतो.
तिकडे, कुठल्याशा समुद्रात,
त्याला कळतं.

काल त्याने दोनशे घातले.
पंखा मी लावलेला नाही.
विचारलंच तर सांगेन,
वारा होता.