सांधा

घाटीत, तिसऱ्या मजल्यावर, आयसीयूच्या दाराबाहेर
रात्री अडीचला मी मोबाइल बघतोय, आवाज बंद करून.
पडद्यावरच्या माणसाचा चेहरा कधीच दिसत नाही.
नुसते हात, आणि चकात धरलेला फिरता गज.
हत्यार टेकतं
आणि पोलादाची साल निघू लागते,
पेन्सिलीला टोक करताना निघते तशी, पण निळी,
सलग, वाफाळती, स्वतःभोवती वळत.

मला यातलं काही कळत नाही.
मी गंगापूरकडचा तलाठी. माझ्या कागदांवर सगळं
अंदाजे क्षेत्र, अंदाजे वय, साडेचारच्या सुमारास.
आत भावाचं काय होईल, तेही डॉक्टरांनी
फिफ्टी-फिफ्टी एवढ्याच मापात सांगितलंय.
इथे मात्र काटा
केसाच्या पन्नासाव्या हिश्श्यावर येऊन उभा राहतो,
आणि तो माणूस म्हणतो (म्हणत असावा)
अजून थोडं.

शेजारच्या चटईवरचे खलीलमिस्त्री
कधी उठून बसले कोण जाणे.
वाळूजला एकतीस वर्षं टर्नर. बायको आत, सात नंबरला.
"आवाज लावा की जरा. लेथ कानानं चालवायचा असतो."
मी एक रेघ वाढवली.
सर्रर्र. मग कूलंटची धार. मग पुन्हा सर्रर्र.
भिंतीशी निजलेली बाई कूस बदलून म्हणाली,
"राहू द्या. झोप लागायली."

मिस्त्री मान हलवत होते. "फीड बरोबर धरलाय गड्यानं.
पण टिपा किती मोडल्या, ते नाही दाखवायचे हे लोक.
माझ्या पहिल्या महिन्यात अकरा.
शेठनं पगारातून कापल्या."

शेवटी दांडा भोकात उतरला,
आतल्या हवेवर तरंगत, हळूहळू,
आणि दोन तुकड्यांमधली रेघ
गेली.
मी श्वास सोडला. मिस्त्री म्हणाले,
"गेली कुठं? डोळ्याला दिसंना, इतकंच. नखाला विचारा."
आणि त्यांनी अंगठ्याचं नख, कडेला काळं राहिलेलं,
पडद्यावरून फिरवलं.
माझ्या काचेला जुना तडा होता. तिथे ते अडकलं.

"सात नंबरचं कोण आहे?"
मिस्त्री उठले. एक चप्पल सापडेना,
तसेच गेले, एका पायात चप्पल घालून.

व्हिडिओ आपोआप पुन्हा सुरू झाला:
गंजका गज,
आणि त्याला हात लावणारे हात.